छाट निघायची भीती

बेळगावच्या दवाखान्यात मी अजूनही वर्षातून एकदा रक्त तपासायला जाते. मागच्या खेपेला बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर डोक्याला रुमाल बांधलेली सहा-सात वर्षांची मुलगी. आतून बोलावणं येण्याआधी त्या तिच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरबाईंनी इचारलं तर बरं वाटतंय म्हणायचं. पाय दुखत्यात म्हणून सांगू नगं. कळलं?"

मुलीनं मान हलवली. दोघी आत गेल्या.

मी त्यांना काहीच बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. निपाणीला परत येईपर्यंत बसमध्ये तेच मनात घोळत राहिलं. त्या बाईंना जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते आहे. मी हायस्कुलात मराठी शिकवते. मुलांचे निबंध तपासण्यापलीकडं लेखनाशी माझा संबंध नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

एकदा होऊन गेलं होतं

आमचं घर निपाणीत. आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाल. तंबाखूची बोदं, म्हणजे भली मोठी गाठोडी, पाठीवरून वाहायचे. आई घरी बिड्या वळायची. मी मोठी, माझ्यामागं शकू. आमच्या दोन्ही घराण्यांत शाळेत टिकलेलं कुणी नव्हतं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर होता आणि त्याच्याखाली माझं दप्तर अडकवलेलं असायचं. ती जागा आप्पांनी ठरवून दिली होती.

तिसरीत असताना माझ्या पायांवर जांभळे ठिपके आले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. बेळगावला नेलं. रक्ताचा कॅन्सर. त्या वेळचं मला थोडंच आठवतं. पाठीत सुई घेताना गुडघे पोटाशी धरून पडायचं, गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, आणि बस संकेश्वरला थांबली की कारखान्याच्या मळीच्या वासानं उलटी व्हायची. दोन-अडीच वर्षं हे चाललं. मग गोळ्या बंद झाल्या. केस आले. दोन वेण्या घालून मी पाचवीत जाऊन बसले. आईनं पाच सुवासिनींना जेवायला बोलावलं. आम्ही बौद्ध, आमच्यात तसलं काही करत नाहीत. आप्पा रागावले. आई म्हणाली, "धम्म तुमचा. पोरगी माझी. जेवू द्या बायास्नी."

कुंदा

सहावीच्या मधल्या सुट्टीत वर्गाच्या पायरीवर मला घेरी आली. ऐंशी साल उजाडायला आलं होतं. आई-आप्पांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली.

त्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नाही. कंबरेच्या हाडातून सुई घालून तपासायला घेतलं, मग मला बाहेर बसवलं आणि दोघांना आत बोलावलं. बाहेर आल्यावर आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. आप्पा मला म्हणाले, "चल, भूक लागली असंल."

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी माझ्यासाठी मसाला डोसा मागवला. स्वतःला नुसता चहा. मग समोरच्या मिठाईच्या दुकानातून पुड्यात बांधून कुंदा आणला. त्या आधीच्या खेपांत आम्ही बेळगावला कितीदा आलो, पण कुंद्याच्या दुकानाकडं मी नुसती बघत जायची. तो पुडा हातात आला आणि मला कळलं. मी अर्धा खाल्ला, अर्धा शकूला ठेवला. शकूपर्यंत तो पोचला नाही. त्याच दुपारी मला भरती केलं.

"तर थांबवू"

आम्हाला बघणाऱ्या डॉक्टरबाई उंच, चष्मा लावणाऱ्या. घरी कन्नड बोलायच्या, आमच्याशी मराठी. ते मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. त्यांनी आई-आप्पांना बसवून सांगितलं. मी खाटेवर झोपल्याचं सोंग करून ऐकत होते.

"आजार परतलाय. पहिली औषधं आता त्याला पुरी पडत नाहीत. एक नवीन पद्धत आहे. औषध ओळखीचंच, पण खूप मोठ्या मात्रेत, सलाईनमधून. मुलांना किती मोठी मात्रा सोसते, ते अजून पक्कं ठरलेलं नाही. मुंबईचे आणि आमचे डॉक्टर मिळून ते तपासतोय. पायरी पायरीनं."

आप्पा म्हणाले, "म्हंजे प्रयोग?"

"हो," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द लपवला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. "नको म्हणालात तरी आम्ही तिला सोडणार नाही. त्रास कमी होईल अशी औषधं देत राहू. पण बरं करायचं तर माझ्याकडं हे एवढंच आहे."

आईनं एकच प्रश्न विचारला. "आन् तिला ह्यो मोठा डोस सोसला न्हाय तर?"

"तर थांबवू," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते धीर द्यायला म्हटलं होतं. आईनं ते निराळं ऐकलं. संमतीचा कागद इंग्रजी आणि कन्नडमधला होता. वॉर्डातल्या मेरी सिस्टरांनी तो मोडक्या मराठीत वाचून दाखवला आणि आप्पांनी सही केली. प्रौढ शिक्षण वर्गात ते एवढंच शिकले होते, पण ती सही मात्र ठसठशीत करायचे.

बिडीचं शास्त्र

आईनं काय ऐकलं ते समजायला बिडीचं काम माहीत पाहिजे.

दिवसभर वळलेल्या बिड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून संध्याकाळी कारखान्यात न्यायचे. तिथं चेकर बसलेला असतो. तो कट्टा उचलतो, फिरवून बघतो. एखादी बिडी सैल दिसली, तोंड नीट दुमडलेलं नसलं की ती छाट. मर्जी फिरली तर आख्खा कट्टा छाट. तो तुमच्यासमोर मोडतो आणि टोपलीत टाकतो. त्या बिड्या गेल्या, त्यामागची मजुरीही गेली. म्हणून प्रत्येक बाई एक गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकते. चांगल्या बिड्या कट्ट्याच्या बाहेरच्या अंगाला लावायच्या, कमी-जास्त वळलेल्या मधे दडवायच्या. मी सात वर्षांची असल्यापासून आईशेजारी बसून कट्ट्यांना दोरा बांधत होते. मला ते येत होतं. यात फसवणूक आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. चेकर आपला नसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी आप्पा निपाणीला गेल्यावर आई माझ्या खाटेशी आली आणि हळूच म्हणाली, "इमल, हितं कायबी झालं तरी झ्याक हाय म्हणायचं. रडायचं न्हाय, दुखतंय म्हणायचं न्हाय. ही लई पोरं बघून त्यातली टिकाऊ निवडत्यात. तू छाटात गेलीस तर मी काय करू गं?"

वही

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला एक शंभर पानी वही दिली. त्यांनी स्वतः पट्टीनं रकाने आखले होते. ताप, उलटी, तोंड, डोळे, चालणं, आणखी काही.

"तुझं अक्षर छान आहे म्हणे. रोज संध्याकाळी तूच लिहायचं. जे वाटेल ते. तुझ्या शरीराला काय होतंय ते रक्ताच्या रिपोर्टात सगळं येत नाही. ते तुलाच माहीत."

आयुष्यात पहिल्यांदा कुणा शिकलेल्या माणसानं मला काम सोपवलं होतं. मला केवढा अभिमान वाटला! आणि त्याच संध्याकाळी मी आईच्या सांगण्यावरून पहिला खोटा रकाना भरला. सलाईन सुरू झाल्यावर दोनदा उलटी झाली होती. मी लिहिलं, "नाही."

सलाईन सहा दिवस होतं. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ व्हायची, म्हणून थेंब घालायचे. पाचव्या दिवशी सकाळी मी खाटेवरून उतरले आणि जमीन तिरपी झाली. भिंत धरली. मोरीपर्यंत दहा पावलं, पण पाय टाकीन तिथं पडत नव्हते. पाणी प्यायला पेला उचलला तर तो हनुवटीवर आपटला. संध्याकाळी वही उघडली. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी मलाच उठवायचे. त्या दिवशी माझी अक्षरं ओळ सोडून वर-खाली पळत होती.

आईला वाचता येत नव्हतं, पण वाकडं सरळ कळत होतं. तिनं ते पान फाडलं. "सावकाश काढ. एकेक अक्षर. घाई न्हाय."

मी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि लिहिलं. "चालणं – नेहमीसारखं." दोन शब्दांना किती वेळ लागला ते सांगता येत नाही. ते पान इतकं सुवाच्य झालं की मेरी सिस्टर म्हणाल्या, "छापलंय काय गं?"

सहाव्या दिवशीचं औषधही मी घेतलं. ते घ्यायला नको होतं. हे मला पुढं कळलं.

काचेचा दरवाजा

औषधानंतर रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपतात. मग कुणाला जवळ येऊ देत नाहीत. दोन खाटांची ती खोली, मधोमध काच बसवलेला दरवाजा, आणि बाहेर बोलणारं सगळं जग कन्नड. आप्पा रविवारी यायचे आणि काचेपलीकडं उभे राहायचे. काचेतून आवाज यायचा नाही. ते तोंड हलवायचे, मी मान हलवायची. शकूला मावशीकडं ठेवलं होतं. आमच्या गल्लीत हा आजार चिकटतो असं कुणीतरी उठवलं, तेव्हा मावशीच्या शेजारणींनी शकूलासुद्धा खेळायला घेणं बंद केलं. ते मला पुष्कळ वर्षांनी शकूनंच सांगितलं. हसत सांगितलं, पण अजून विसरलेली नाही.

आई चोवीस तास जवळ होती. तरी मी आयुष्यात इतकी एकटी कधी नव्हते. कारण आईशी मला खरं बोलता येत होतं पण ते बाहेर न्यायचं नव्हतं, आणि डॉक्टरबाईंशी रोज बोलणं होतं पण ते खरं नव्हतं. माझ्या पायांचं काय होतंय हे मी रोज लपवत होते, आणि ते बरं होईल की नाही हे विचारायचीही सोय मी घालवून बसले होते. लपवलेल्या दुखण्याबद्दल विचारता येत नाही.

बाई तपासायला आल्या की "चालून दाखव" म्हणायच्या. खाटेच्या दांडीवर बोटं टेकवत मी चार पावलं नीट टाकायला शिकले. आई मधे बोलायची, "काय न्हाय बाई, झ्याक हाय पोरगी." बाईंना पुढं तीस खाटा असायच्या.

सुनंदा

पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या तेव्हा दुसऱ्या खाटेवर सुनंदा आली. बोरगावची, जैन शेतकऱ्यांची मुलगी, माझ्याहून वर्षानं लहान. तिचाही आजार परतलेला. आईशी ती कन्नडमध्ये भांडायची आणि माझ्याशी मराठीत. तिनं मला दोन दिवसांत पकडलं.

"इमले, तू अशी काय चालतीस गं? आमच्या गल्लीत तात्या हाय, बाजाराच्या दिवशी अशीच झोकांडी खातो."

"गप की."

"सांग की, कुठं ठेवलीस बाटली?"

मी हसले, आणि हसता हसता तोल जाऊन खाटेवर बसले. तिचं हसू थांबलं. तिनं दाराकडं बघितलं आणि विचारलं, "त्या औषधानं झालं व्हय?"

"कुणाला सांगू नगंस. मला छाटतील."

तिनं सांगितलं नाही. मी मोरीकडं निघाले की ती उठायची आणि माझ्या खांद्यावर हात टाकून गाणं म्हणत बरोबर चालायची. बघणाऱ्याला वाटावं, मैत्रिणी फिरताहेत. त्या खोलीत मला मिळालेला तो एकच आधार.

मग माझी हाडातली तपासणी झाली आणि शनिवारी बाई हसत आल्या. रोगाच्या पेशी दिसत नव्हत्या. औषध लागू पडलं होतं. आईनं बाईंचे पाय धरले, त्या मागं सरल्या. "सोमवारी दुसरी फेरी देऊ," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या खाटेकडं वळून सुनंदाच्या आईला म्हणाल्या, "विमलच्या पायरीवर तीन मुलांना तपासायचं होतं, ती तिन्ही झाली. विमलला तर काहीसुद्धा त्रास नाही, वही बघितली मी. आता सुनंदाला याच्या वरची पायरी सोमवारपासून."

मला वाटत होतं ती वही माझी परीक्षा आहे. ती दुसऱ्यांसाठी होती. माझ्या "नाही, नाही, नाही" या उत्तरांवर पाय ठेवून सुनंदा वर चढणार होती.

रविवार

शेजारच्या खाटेवर दोघी झोपल्या होत्या तेव्हा मी आईला हळूच म्हटलं, "आई, सांगूया."

"काय सांगतीस? औषध लागू पडलंय. आता सांगितलंस तर थांबवतील. त्यांनीच म्हटलंय, थांबवू."

"पण सुनीला त्याच्यापेक्षा जास्त देणार हायत."

आई कपडे घडी घालत होती. दवाखान्यात बिड्या वळायला बंदी होती, आणि तिच्या बोटांना रिकामं बसता येत नसे. म्हणून ती तेच चार कपडे पुन्हा पुन्हा मोडून घडी घालायची. "तिला तिची आई हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला तू एकलीच बघायची हाईस. दोघी दिसायला लागल्या तर मी मरंन."

आईला कुणी दोष देऊ नये. मी कधी दिला नाही. तिच्या जागी कोण काय करील, मला माहीत नाही.

त्या दिवशीही आप्पा काचेपलीकडंच उभे राहिले, त्यांना अजून आत सोडत नव्हते. मी त्यांच्याकडं बघून आवाज न काढता, नुसते ओठ हलवून सगळं सांगितलं. पायांचं, पेल्याचं, फाडलेल्या पानाचं. त्यांना एक शब्द कळला नाही. त्यांनी हसून मान हलवली. मला तेवढंच पाहिजे होतं बहुतेक, एकदा पूर्ण वाक्य म्हणून बघायचं होतं.

सोमवार

सकाळी बाई आल्या. सिस्टरांनी दोन्ही खाटांशी सलाईनचे स्टँड आणून ठेवले.

"काय विमल, बरी आहेस ना?"

"झ्याक हाय, बाई," आई म्हणाली.

मी म्हटलं, "न्हाय. मला चालता येत न्हाय. वही खोटी हाय."

आईनं पदर तोंडावर घेतला. बाई माझ्या खाटेवर बसल्या. "माझ्या बोटाला बोट लाव. आता तुझ्या नाकाला. पुन्हा माझ्या." माझं बोट त्यांच्या बोटाच्या शेजारून हवेत गेलं. दुसऱ्यांदा गालाला लागलं. फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला त्यांनीच मला धरलं.

"कधीपासून?"

"पाचव्या दिवसापासून."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं त्या मारतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि आईकडं वळून अगदी हळू विचारलं, "का नाही सांगितलं?"

"तुमी छाट काढाल म्हणून," आई म्हणाली.

बाईंना तो शब्द कळला नाही. मी समजावून सांगितलं. बिड्या, कट्टे, चेकर, सगळं. त्यांनी मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. थांबवू म्हणाले, आणि थांबवून पुढं काय करू ते सांगितलंच नाही."

त्यांनी स्टँड परत न्यायला सांगितले. दोन्ही खाटांपासून.

आई जे भीत होती तेच झालं. माझं औषध थांबलं. तीन आठवडे काही नाही. ते तीन आठवडे आई माझ्याशी गरजेपुरतंच बोलली. मग त्याच औषधाची खालच्या पायरीची मात्रा, लहान लहान फेऱ्यांत, जवळजवळ दीड वर्ष. प्रत्येक फेरीत वही मी लिहिली आणि खरी लिहिली. अक्षर पुन्हा कधी पहिल्यासारखं झालं नाही. जिने उतरताना अजूनही कठडा लागतो. वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा ओळ चढत जाते, मुलं हळूच हसतात. हसू देते. पाचव्या दिवशीच सांगितलं असतं तर एवढंही राहिलं नसतं, असं बाईंनी पुढं एकदा मी विचारल्यावर स्पष्ट सांगितलं.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

तुमच्या घरात कुणाला नव्या औषधाची विचारणा झाली तर डॉक्टरांना विचारा: त्रास झाला तर काय कराल, आणि ते थांबवल्यावर पुढं काय कराल? दुसरा प्रश्न विसरू नका. आमचा तोच राहिला. आणि मुलाला जे होतंय ते सांगू द्या. डॉक्टर चेकर नसतात. कुणी तसं वागलंच, तरी मूल म्हणजे बिडी नव्हे. त्याचं दुखणं मधे दडवता येत नाही, ते वाढत जातं. एवढंच मला कळलं आहे.

बोरगाव

सुनंदालाही वरची पायरी मिळाली नाही. खालचीच मात्रा मिळाली. ती सुधारली, घरी गेली, मला पत्रं लिहायची. आठ महिन्यांनी आजार परत आला, आणि उन्हाळ्यात बोरगावात ती गेली. मला महिन्याभरानं कळलं.

पुढं मी दहावी झाले, निपाणीच्याच कॉलेजात बी.ए. झाले. घराण्यातली पहिली. निकालाच्या दिवशी आप्पा वखारीतून बोदं तशीच टाकून आले. सगळ्यांच्या ऋणातून ते यश उभं राहिलं होतं, आई-आप्पांच्या, बाईंच्या, सिस्टरांच्या. पण एक गोष्ट मी बाईंशिवाय कुणाशीच बोलले नव्हते. ते वरचं औषध सुनंदाला मिळालं असतं तर? मी गप्प राहिले असते तर ती जगली असती का? बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, विमल. खरंच माहीत नाही."

पेढे घेऊन मी बोरगावला गेले. सुनंदाच्या आई अंगणात शेंगा निवडत होत्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. मग "अय्यो, इमल!" म्हणून उठल्या. पेढा घेतला. मी बसले आणि जे दहा वर्षं साठवलं होतं ते सांगून टाकलं. काकू, माझ्यामुळं सुनीचं औषध अडलं.

त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली.

"तुज्यामुळं न्हाय," त्या म्हणाल्या. "त्या सोमवारी दुपारी बाईंनी आमा दोघांस्नी बलिवलं हुतं. म्हणाल्या, विमलला असं असं झालंय. वरची पायरी आता आमी देणार न्हाय. पण तिच्या पायरीचं औषध तुमी मागितलं तर नीट नजर ठेवून देऊ, न्हायतर खालचं देऊ. तुमी ठरवा. आमी तुला चालताना बघितलं हुतं. भ्यालो. खालचंच द्या म्हटलं." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सुनी म्हणत हुती, मला इमलचंच द्या. ती भ्याली न्हवती. भ्यालो आमी. ह्यांनी ते मरस्तवर काढलं न्हाय. मीबी कुणाला बोलली न्हाय."

मी म्हटलं, "ते दिलं असतं तरी काय झालं असतं, कुणालाच माहीत न्हाय, काकू."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "न्हाईच म्हाईत."

ऊन कलायला लागलं होतं. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात. काकूंनी विचारलं नाही, दोन ताटं घेतली आणि माझं ताट आपल्या ताटासमोर ठेवलं. जेवताना मी म्हटलं, सुनी डॉक्टरबाईंची नक्कल करायची, सलाईनच्या नळीचा चष्मा करून. सिस्टरांना खरंच वाटायचं बाई आल्या. काकूंचा घास हातातच राहिला. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. त्या डबा आणायला बाहेर गेल्या की मगच सुनी ते करायची.

त्या आधी हसल्या, मग डोळ्याला पदर लावला.

"आनकी सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगत गेले.